निळ्या टिपाडातला पिवळा

पिवळा शिंतोडा माझ्या पांढऱ्या मोज्यावर उडाला तेव्हा मी विमानाचा विचार करत होते. हे मी नंतर जुळवून सांगत नाही. दहावीत गेल्यापासून मी वेणी घालताना, भूमितीच्या तासाला, पोळ्या लाटताना, केव्हाही विमानाचा विचार करते. शाळा नुकतीच सुटली होती. अंबाजोगाईच्या बसस्टँडसमोर रिक्षा, म्हशी आणि मेडिकल कॉलेजात पेशंटचा डबा घेऊन निघालेली माणसं एकाच खड्ड्याला एकाच वेळी वळसा घालतात, तिथे निळ्या टिपाडांनी लादलेल्या एका पिकअपने करकचून ब्रेक मारला आणि सगळ्यात वरचं टिपाड दोरीतून निसटून रस्त्यावर आपटलं. टिपाड म्हणजे पाणी साठवायचा प्लास्टिकचा उंच पिंप. आमच्या भागात नळ रोज येत नाही, त्यामुळे चूल तिथे टिपाड. ते दोनदा उडालं, झाकण निखळून गटारीकडे गेलं आणि तळाशी उरलेलं ओंजळभर पाणी माझ्या पायावर आलं. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "लागलं का, ताई? न्हाई ना? मग सरका की बाजूला." मी सरकले नाही. मोज्याकडे बघत राहिले. हळदीचा पिवळा वेगळा असतो, झेंडूचा वेगळा, कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यातला वेगळा. ह्या पिवळ्यात मागे कुठेतरी नारिंगी होता, मावळायच्या आधी ऊन भिंतीवर येतं तसा, आणि तो कापडात शिरून फिका पडत नव्हता, उलट जागा धरून बसला होता. हा पिवळा मी ओळखत होते. ओळखीचं माणूस परक्या गावात भलत्याच घराच्या ओट्यावर बसलेलं दिसावं आणि हाक मारावी की नाही ते कळू नये, तसं मला झालं. टिपाड उचलून ड्रायव्हर निघून गेला. पिकअपच्या मागे लाल अक्षरांत लिहिलं होतं, हरिओम टिपाडवाले.

घरी येईपर्यंत मी डावा पाय जरा उचलूनच चालत होते. घर म्हणजे मंजुळा आत्याच्या भाड्याच्या दोन खोल्या. आत्या आबांची धाकटी बहीण. आबा आणि माय दरवर्षी दसरा झाला की ऊस तोडायला कर्नाटकात जातात, सहा वर्षांच्या सत्यमला बरोबर नेतात, आणि मी दोन वर्षांपासून आत्याकडे असते. आत्याही लहानपणी फडावरच वाढली, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांच्या झोपडीत. तिथून ती रसायनशास्त्रात एम.एस्सी.पर्यंत कशी पोचली हे मी तिला पुष्कळदा विचारलंय. ती म्हणते, "चालत." तिचं काम मला कुणाला सांगायचं झालं की मी आधी श्वास घेते, कारण ते एका दमात सांगायला मला आवडतं. एखादा कारखाना उभा राहायच्या किंवा वाढायच्या आधी तो माती, पाणी, हवा आणि माणसं ह्यांचं काय करील ते आधीच शोधून काढायचं. चोर यायच्या आधी त्याच्या पावलांचा माग काढायचा. आमच्या गल्लीतल्या बायकांना ते कळत नाही. त्या तिला "पाणी तपासणाऱ्या मॅडम" म्हणतात आणि बोअरला पाणी लागेल का म्हणून विचारतात, आणि आत्या कंटाळत नाही, सगळ्यांना सांगते की ते काम माझं नाही, पण आणा बाटली, खारट आहे का ते बघते.

आत्ताचं तिचं काम गावाबाहेरच्या विमानाच्या कारखान्याचं होतं. विमान काही तिथे तयार होत नाही, ही गोष्ट कळली तेव्हा मी एक दिवस नाराज होते. तिथे विमानाच्या पोटातले छोटे अॅल्युमिनियमचे भाग होतात, बिजागऱ्या, पट्ट्या, माझ्या तळहाताएवढे कोन. त्यांना आता कारखाना तिप्पट करायचा होता, म्हणून आत्याच्या पुण्याच्या कंपनीला तपासणीचं काम मिळालं, आणि आत्या दोन वर्षांसाठी इथे राहायला आली. एकदा तिने मला आत नेलं होतं. मला वाटलं होतं धूर असेल, खडखडाट असेल. परळीला जाताना थर्मलच्या चिमण्या दिसतात आणि राख दातांत येते, तसलं काहीतरी. पण आत स्वयंपाकघरासारखी शांतता होती. रबरी हातमोजे घातलेल्या बायका तारेच्या फणीला एकेक भाग अडकवत होत्या, माय पापड वाळत घालते तितक्याच निगुतीने, आणि फणी एका हौदातून दुसऱ्या हौदात बुडत, निथळत जात होती. शेवटच्या हौदातून वर आला तेव्हा प्रत्येक तुकडा सोनेरी झाला होता. सोन्यासारखा नाही. माशीच्या पंखावर ऊन पडलं की क्षणभर जो रंग येतो, तसा. कारखान्याच्या साहेबांनी एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. मला वाटलं होतं जड असेल, तो बिस्किटाइतका हलका. साहेब म्हणाले, "वर बाहेर कडाक्याची थंडी. खाली उतरलं की विमानाला आतून घाम फुटतो. त्या घामाने धातू कुरतडला जातो. हा थर तो कुरतडू देत नाही. तीस वर्षं." मी तो तुकडा परत द्यायला विसरले होते, आत्याने हळूच काढून घेतला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सुंदर आहे ना? आहेच. तो पिवळा क्रोमियमचा. धातूला तो जपतो, माणसाच्या पोटात गेला तर आतून जाळतो, आणि लगेच नाही जाळत, सावकाश. दोन्ही खरंय. एक सांगताना दुसरं विसरायचं नाही, एवढंच माझं काम." त्या दिवशी घरी तिने काचेच्या बाटलीत नळाचं पाणी घेतलं, त्यात तो पिवळा इतका कमी घातला की डोळ्यांना दिसेना, आणि वर एका छोट्या पुडीतली पावडर टाकली. पाणी थोडा वेळ गप्प राहिलं. मग तळापासून जांभळं होत वर आलं, वांग्याच्या फुलासारखं. मी टाळ्या वाजवल्या. आत्याने वाजवू दिल्या, पण स्वतः हसली नाही.

मोजा काढून मी तो स्टीलच्या वाटीत ठेवला. त्याआधी पाय धुतला, मग हात धुतले, कारण आत्याचा पहिला नियम तोच. मग मी समोर बसून राहिले आणि मला कसंतरी व्हायला लागलं. भीती म्हणता येणार नाही. खोलीत सगळं जागच्या जागी होतं. खिडकीत तुळस, कोपऱ्यात आमचं स्वतःचं निळं टिपाड, भिंतीवर आत्याचा नकाशा. नकाशाच्या मधोमध कारखान्याचा लाल ठिपका आणि त्याच्याभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ. ते वर्तुळ मी माझ्या कंपासने काढलं होतं, आत्याने सांगितलं म्हणून, आणि पेन्सिलचं टोक सुरू केलेल्या जागी बरोब्बर येऊन मिळालं तेव्हा मला काय अभिमान वाटला होता. ह्या वर्तुळाच्या आतल्या प्रत्येक वाडीत आत्या गेली होती. विहिरींचं पाणी, ओढ्याचा गाळ, कडब्याच्या गंजीवरची धूळ, सगळं तिने बाटल्यांत आणि पिशव्यांत भरून आणलं होतं. घरोघर बसून विचारलं होतं, पाणी कुठलं पिता, जनावरं किती, खोकला कुणाला आहे. आमची वाडीही त्या वर्तुळात येते, अगदी कडेला. आमच्या वाडीत ती पौषात गेली तेव्हा अर्ध्या घरांना कुलपं होती, माणसं फडावर होती. उरलेल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, हापश्याचं पाणी पितो, बाई. हापश्याचं पाणी स्वच्छ निघालं. ते स्वच्छच होतं. माझी नजर नकाशावरून कोपऱ्यातल्या टिपाडाकडे गेली, परत नकाशाकडे आली, आणि मग मला कळलं की मला भीतीच वाटतेय.

आत्या आली तेव्हा ती पाठ करत होती. परवा जाहीर सुनावणी होती. कारखाना वाढू द्यायचा की नाही ह्यावर गावकऱ्यांनी बोलायचं, आणि त्याआधी आत्याने आपला अहवाल सगळ्यांना समजेल असा सांगायचा. जिना चढतानाही तिचे ओठ हलत होते. मी वाटी पुढे केली. तिने मोजा पाहिला, मग मला पाहिलं. "पाय?" "धुतला." "साबणानं?" "हो." मग तिने मोज्याचा तेवढा तुकडा कापला, पाण्यात हलवला, पुडी टाकली. ह्या वेळी पाणी गप्प राहिलंच नाही. इतकं गडद जांभळं झालं की बाटलीपलीकडची तिची बोटं दिसेनात. ती पलंगावर बसली. "कुठं उडालं?" मी सांगितलं. टिपाड, पिकअप, हरिओम. मी भराभरा बोलत होते, मला माझ्या शोधाचा आनंद झाला होता हे मी लपवत नाही, आणि बोलता बोलता मला दिसलं की आत्या ऐकत नाहीये. ती कोपऱ्यातल्या टिपाडाकडे बघतेय. म्हणाली, "करिष्मा, मी एका घरातही विचारलं नाही." "काय?" "पाणी कशात ठेवता. मी, आणि मी विचारलं नाही. मी टिपाडाला पाठ लावून बसून अभ्यास केलाय." ती रडेल असं वाटलं. पण तिने चप्पल घातली, स्कूटीची किल्ली घेतली आणि म्हणाली, "चल, अंधाराच्या आत येऊ."

हरिओम आपल्या अंगणात टिपाडं धूत बसले होते. माणूस चांगला होता, आम्हाला खुर्च्या दिल्या. आत्याने विचारलं तर लपवलंही नाही. कारखान्यात रसायन येतं ती टिपाडं रिकामी झाली की गेटवरचा भंगारवाला देतो, ते विकत आणतात, निरम्याने तीनदा खंगाळतात, बाजारात नेतात. "धुतल्याबिगर इकत न्हाई, ताई, आपलं तसं न्हाई. आन ह्या टिपाडाला मागणी लई हाय. जाड हाय ना. उन्हात तडकत न्हाई, ट्रॅक्टरवरून पडलं तरी फुटत न्हाई. ऊसतोडीवाले नावानं मागतेत, इमानाच्या कंपनीचंच द्या म्हणतेत." आत्याने त्यांच्याच हौदाच्या कडेवरचा पिवळा ओघळ दाखवला. हरिओम ओघळाकडे बघत राहिले. "हे तर माझ्या हातालाबी लागतंय," ते म्हणाले, आणि हात पुढे धरले. बोटांच्या बेचक्यांत बारीक गोल जखमा होत्या. "साबणाची अॅलर्जी म्हनलं म्या." आत्याने त्यांना मेडिकलला कुठल्या खिडकीवर जायचं, कुणाला काय सांगायचं ते समजावलं, मग विचारलं, टिपाडं कुठे कुठे गेली. त्यांनी गावं सांगायला सुरुवात केली आणि त्यात आमची वाडी आली. त्यांच्या सांगण्यात ती इतक्या सहज आली, बाजाराच्या दिवशी सगळी तिकडंच खपली म्हणून, की मी आधी फक्त नाव ओळखलं आणि मग अर्थ.

केजच्या रस्त्याने स्कूटीवर मागे बसून जाताना मला आठवत होतं ते टिपाडाबद्दलचंच. उन्हाळ्यात सत्यमला गार वाटावं म्हणून माय त्याला रिकाम्या टिपाडात उभं करायची, तो आतून ओरडायचा आणि त्याचाच आवाज घुमून त्याला घाबरवायचा. फडावर टिपाड कोपीच्या दारात असतं. मी दुसरीपर्यंत फडावर होते, मला त्या पाण्याची चव अजून आठवते, निळी चव, प्लास्टिकची आणि उन्हाची, आणि उसाच्या पाचटाची धूळ वर तरंगत असायची ती फुंकून बाजूला करायची. आत्यालाही ही चव माहीत असणार. मी तिच्या खांद्यावरून विचारलं, "आत्या, तुला आठवतं का टिपाडातलं पाणी?" वाऱ्यात तिला ऐकू आलं नसेल असं वाटलं. वाडीच्या फाट्याला वळताना ती म्हणाली, "म्हणूनच दिसलं नाही मला."

वाडीत आमच्या दारापुढे नवं टिपाड उभं होतं. निळं, लखलखीत, मायने त्याला हळदकुंकवाची पाच बोटं ओढली होती. नवी वस्तू घरात आली की आम्ही ओढतो. हळदीच्या बोटांखाली, झाकणाच्या आट्यांत, दुसरा पिवळा होता. तो बघायला माहीत असावं लागतं. माय पदराला हात पुसत बाहेर आली आणि आम्ही ओट्यावर पाय ठेवायच्या आत तिने तांब्या भरला, कारण आलेल्याला आधी पाणी. त्याच टिपाडातून भरला. "या वन्सं. आवचित आलात? बगा, टिपाड घेतलंय. इमानाच्या कंपनीचं हाय. चार दिसांनी निघायचं, तवर मुरावं म्हनून भरून ठिवलंय." आत्याने तांब्या घेतला. तिच्या हातात तो राहिला. मी माझ्या आयुष्यात कुणाला मायच्या हातचं पाणी धरून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. आबा बाजेवरून उठून आले, ते बहिणीकडे बघू लागले, माय तांब्याकडे. ओसरीवर सत्यम भाकरी चावायचा थांबला. आत्या म्हणाली, "वहिनी, मी हे पिणार नाही." मायचं तोंड एकदम बारीक झालं. "कावून? तांब्या घासलेला हाय." "तांब्याचं नाही गं." "मग? शिकल्याली झाली म्हनून भावाच्या दारचं पानीबी उतरंना का आता?" आबा म्हणाले, "मंजे, पी. एक घोट पी. बाकीचं मागून बोल." आबांचा आवाज इतका हळू होता की मला त्याची भीती वाटली. मला आत्ता कळतं, आत्याने एक घोट घेतला असता तरी चाललं असतं. एका घोटाने कुणी मरत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि तिने तो घेतला असता तर मायने तिच्यावर विश्वास का ठेवला असता? ती खाली बसली, पिशवीतून बाटली काढली, तांब्यातलं पाणी त्यात ओतलं आणि पुडी माझ्याकडे दिली. "तू टाक." मी टाकली. पाणी गप्प राहिलं. माय म्हणाली, "काय जादू करतीस गं करिष्मे," आणि तेवढ्यात ते गुलाबी होऊ लागलं, मग जांभळट. फार नाही. सत्यम म्हणाला, "लई भारी." मी त्याला उचलून घेतलं आणि सोडेना.

मायला सगळं समजावून सांगताना आत्या अहवालातलं एकही वाक्य बोलली नाही. टिपाडात आधी काय होतं ते सांगितलं, प्लास्टिक ते कसं पिऊन ठेवतं ते सांगितलं, लोणच्याच्या बरणीचा वास कितीही धुतला तरी जातो का, असं विचारलं. मायने ऐकून घेतलं. मग उठली, खांदा लावला आणि अख्खं टिपाड आडवं करायला लागली, तेव्हा आत्याने तिला धरलं. "मातीत नको. झाकून ठेव. न्यायला माणूस येईल." माय झाकणावर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "आन मंग फडात पानी कशात ठिवू? सांगा. ते बी सांगा की वन्सं." आत्याने तिच्या हाताखालचं झाकण घट्ट फिरवलं. परत येताना तिने मला एवढंच विचारलं, "करिष्मा, कर्नाटक आपल्या वर्तुळापासून किती लांब आहे?" मला माझा कंपास आठवला, जुळलेली पेन्सिलची रेघ, आणि त्या रेघेला पायाने ओलांडून ट्रॅक्टरवर उभी राहून निघालेली टिपाडं.

सुनावणी मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशी लग्न झालेलं, स्टेजवर मागे थर्माकोलचं 'प्रविण' शिल्लक होतं, नवरीचं नाव कुणीतरी काढून नेलेलं. त्याखाली अधिकारी बसले, शेजारी कारखान्याचे साहेब, आणि पुढच्या सोफ्यावर विजयसिंह दादा, ज्यांच्याशिवाय आमच्या तालुक्यात साधा बोअरही पडत नाही. कारखाना वाढला की पोरांना कामं लागतील म्हणून दादा त्याच्या बाजूने होते, आणि त्यात चूक काय, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली तिथेच फणी लावायला जायचं म्हणतात. मी युनिफॉर्मवर होते, आत्याची पेटी मांडीवर घेऊन. मायही आली होती, वाडीच्या बायकांबरोबर, मागच्या रांगेत. आत्याच्या कंपनीचे साहेब पुण्याहून आले होते. आदल्या दिवशी तिने त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, सुनावणी होऊन जाऊ दे, पुरवणी जोडू नंतर. "माणसं तीन दिवसांनी निघतायत," आत्या म्हणाली होती. "नंतर कुणाला सांगू?"

ती उभी राहिली. हवा सांगितली, माती सांगितली, हौदांमधलं पाणी कारखाना कसं शुद्ध करतो ते सांगितलं, आणि कौतुकाने सांगितलं, कारण ते खरोखर चांगलं होतं. पडद्यावर माझं वर्तुळ आलं. ती थांबली. मला तिची पाठ दिसत होती, ब्लाउजवर घामाचा एक पट्टा हळूहळू रुंद होत होता, आणि मला वाटलं, आता ती पुढच्या चित्रावर जाईल, आणि मी तिला त्याबद्दल माफ करीन, आणि मग मी आयुष्यभर विमानाचा विचार पहिल्यासारखा करू शकणार नाही. हे सगळं एका क्षणात वाटलं. ती म्हणाली, "इथपर्यंत माझं काम बरोबर आहे. इथून पुढं ते अपुरं आहे, आणि तो अपुरेपणा माझा आहे. मी पाणी जिथून येतं ती जागा तपासली. ज्यात राहतं ते भांडं तपासलं न्हाई. माझ्याच भावाच्या दारात ते उभं हाय." अहवालाच्या मराठीतून ती वाडीच्या मराठीत कधी उतरली ते तिलाही कळलं नसावं. पुण्याचे साहेब मोबाइलकडे बघू लागले. विजयसिंह दादा म्हणाले, "ताई, तुमी कारखान्याच्या बाजूनं आलात का इरोधात? एक काय ते ठरवा." लोक हसले. आत्या म्हणाली, "मी मोजणारी हाय, दादा. मोजलं ते सांगते." "आवो, धुतलेली टिपाडं असतेत ती. काय ऱ्हातंय त्यात?"

आत्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठले. दोन वर्षांपूर्वी मी वर्गात हजेरीला "यस मॅडम" म्हणतानाही खाली बघायचे, आणि त्या दिवशी एवढ्या माणसांमधून चालताना मला माझ्या चपलांचा आवाज आवडत होता. वाडीतल्या टिपाडाचं पाणी बाटलीत होतं. मी बाटली उंच धरली, सगळ्यांना बघू दिली की ते पाण्यासारखंच पाणी आहे, पुडी टाकली आणि हलवलं. कार्यालयात पंखे घरघरत होते. रंग वर येऊ लागला तसे पुढचे लोक मान पुढे काढू लागले आणि मागून साखराबाई, आमच्या शेजारच्या, उभ्या राहिल्या. "आमच्या घरी तसलीच दोन हायेत," त्या म्हणाल्या, दादांना नव्हे, अधिकाऱ्यांनाही नव्हे, माझ्या हातातल्या बाटलीला. मग आणखी एक उठली. मग बायका उठतच राहिल्या. विजयसिंह दादांनी वळून मागे पाहिलं, पाहत राहिले, आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. कारखान्याचे साहेब उठून माझ्याजवळ आले, बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली. ज्या बोटांनी त्यांनी मला तो हलका तुकडा दिला होता तीच बोटं. मला वाटलं ते म्हणतील, गेटबाहेरचं आम्हाला माहीत नाही. ते म्हणाले, "आमच्या गेटातून गेलं म्हणजे आमचंच," आणि एवढं बोलून खाली बसले, जरा म्हातारे झाल्यासारखे.

पुढचं सगळं छान झालं असं नाही. अहवाल परत आला, तपासणी पुन्हा होणार, कारखाना वाढणं लांबलं, आणि वर्गातल्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत. आत्याला कंपनीने पुण्याला बोलावलंय, कामावर ठेवणार की नाही ते तिथे कळेल. ती त्याबद्दल विचारलं की म्हणते, "बघू, चालत." कारखान्याची गाडी वाडीवाडीतून टिपाडं उचलत फिरली, काही लोकांनी दिली, काहींनी लपवली, कारण जाड टिपाड पुन्हा मिळत नाही.

माय-आबा निघाले त्या सकाळी आम्ही वाडीत गेलो. ट्रॉलीवर भांडी, सरपण, शेळी, घोंगड्या, आणि दोरीने बांधलेलं एक पिवळटसर पांढरं टिपाड. आबांनी ते मायच्या माहेराहून आणलं होतं, गोडेतेलाचं, काठाला चीर गेलेलं. माय त्याला नावं ठेवत होती, तेलकट हाय, अर्धच भरतंय, पहिल्या उसात फुटंल. तरी तिने त्याला हळदकुंकवाची पाच बोटं ओढली होती. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा ती वर उभी राहून म्हणाली, "करिष्मे, घाल तुजी पुडी." मी टिपाडातलं पाणी बाटलीत घेतलं, पुडी टाकली, हलवलं, आणि आम्ही सगळे बघत राहिलो, आबा स्टिअरिंगजवळून, साखराबाई त्यांच्या ट्रॉलीवरून, सत्यम माझ्या कोपराला लोंबकळून. पाणी गप्प होतं. गप्पच राहिलं. "कायच झालं न्हाई की," सत्यम नाराज होऊन म्हणाला. बाटलीतून मला पलीकडची मायची साडी दिसत होती, साडीवरचं एकेक फूल, स्पष्ट.

मायने तांब्या भरला आणि वरूनच वाकून आत्यापुढे धरला. आत्याने तो दोन्ही हातांनी घेतला, मान मागे केली आणि न थांबता पिऊ लागली. तिच्या गळ्याची हालचाल मी बघत होते, पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, ट्रॅक्टर धडधडत होता. तांब्या रिकामा झाला. आत्याने तोंड पुसलं आणि तो परत वर केला.

"आजून घाल, वहिनी."